खडूचा ओटा

कोबा वाळला त्या संध्याकाळी
मी जोत्यावर उकिडवी बसले
आणि खडूने ओटा आखला.
भिंती अजून नव्हत्या.
पश्चिमेला चिऱ्यांची रास, तिच्यावर लवू गवंडी विडी ओढत,
त्याच्या पाठीमागे तांबळडेगचा समुद्र, ओहोटीचा.

मुलीने फोनवर चित्र पाठवलं होतं :
शेगडी, बेसिन, फ्रीज,
यांचा म्हणे त्रिकोण जमला पाहिजे,
पावलं वाचतात.
माझा त्रिकोण सत्तावीस वर्षं
चूल, विहीर आणि पोस्टाचा कट्टा.
पावलं मी मोजली नाहीत.
गुडघ्यांनी मोजली असावीत.

तर आता मोजू, म्हटलं.
रिकाम्या चौकटीत उभी राहून मी
बांगड्याचं तिखलं रांधलं.
वाटण इथे, डाव्या हाताला.
तिरफळांची बरणी खांदा न उचलता मिळावी.
सोलं मोरीपासून लांब, त्यांना पाणी सुटतं.
मिठाचं काय, आमच्याकडे कुठेही ठेवा,
पावसाळ्यात ते समुद्राकडे परत निघतं.
खिडकी शेगडीसमोर नको,
वैशाखातला दुपारचा वारा ज्योत उचलून नेतो.
बिजागऱ्या पितळी. लोखंड इथे दोन वर्षांत
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगतं.
आणि मासे कापायला मागीलदारी बसकी जागा,
आडाळ्याजोगी, पाणी थेट माडाच्या आळ्यात.
ते उभ्याने जमायचं नाही मला,
चित्रात काही का असेना.

हे बघत होते.
सत्तावीस वर्षं जहाजावर कुक,
चाळीस माणसांचं जेवण
आमच्या न्हाणीएवढ्या खोलीत.
म्हणाले, दोन बाजूंमध्ये तीन फूट पुरे,
लाट आली की पाठ टेकायला समोरचा ओटा लागतो.
आणि फळ्यांना काठ हवा, बोटभर उंच,
बरण्या घसरतात.
लवूने विडी काढली तोंडातून :
"जयरामभाऊ, घर काय हलतला?"
हे काही बोलले नाहीत.
खडूच्या रेषेकडे बघत राहिले.

मग उंचीचं निघालं.
माझं कोपर जमिनीपासून छत्तीस इंच,
यांचं बेचाळीस.
"मगे कोणाच्या मापाचो?" लवूने विचारलं.
इतक्या वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं.
चूल होती तशी होती, आपण वाकायचं.
मी म्हटलं, रांधते मी.
हे म्हणाले, आता मीही.
सहजच म्हणाले, टेपचं टोक धरून.

लवूने मान हलवली :
दोन उंच्या केल्या तर सांध्यात पाणी साचणार,
मागून तक्रार नको.
साचू दे, म्हटलं. पुसू.
कोण पुसणार ते ठरलं नाही.

रात्री जाग आली. बाजूचं अंथरूण रिकामं.
मांगराच्या दारातून दिसलं,
हे जोत्यावर, चांदण्यात, खडूच्या आत.
नसलेल्या कढईत काही परततायत,
वळतायत, नसलेल्या फळीला हात,
पुन्हा वळतायत.
पाय जरा फाकलेले, अजून डेकवरचे.
आणि दर वळणाला
पाठीमागच्या मोकळ्या जागेला सांगतायत,
"मागे आहे हां, गरम आहे."
मी हाक मारली नाही.

सकाळी पाहिलं तर यांच्या बाजूच्या रेषा
तळव्यांनी पुसून गेलेल्या,
माझ्या जशाच्या तशा.
लवू सुतळी आणि ओळंबा घेऊन हजर.
मी खडू शोधला, हातात घेतला,
मग म्हटलं, थांब जरा. यांना उठू दे.
ती बाजू तेच आखतील.
आणि फळ्यांना काठ कर, लवू.
बोटभर.